अक्कावरचे कवडसे

काच कापली की चुरा पडतोच. रोज झाडून काढतो, तरी संध्याकाळी दुकानात चपलेखाली काहीतरी कचकन वाजतं. किस्स्यांचं तसंच हाय बघा. एक सांगून मोकळं व्हावं, तर लगेच पायाखाली दुसरा. माझं लातुरात आरशांचं आणि फोटो-फ्रेमचं दुकान. धंद्यातले किस्से विचाराल तर एकातही दम नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीमागं, अक्कामागं, आरसे घेऊन दोन उन्हाळे हिंडलो, त्याचे लई साठलेत. लोकांना सांगितले की लोक हसतात. मी पण हसतो. पण खरं सांगू का, सांगताना माझे तळहात गार पडतात.

*

अक्का शाळेत चित्रकलेच्या बाई. रिटायरमेंट जवळ आलेली. एप्रिलात पत्र्याच्या वर्गात परीक्षेवर उभी असताना धाडकन खाली पडली. उष्माघात. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "या वेळी वाचलात. परत असं झालं तर मी शब्द देऊ शकत नाही."

भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणायचा, "औंदा उन्हाळा लईच वाढला हो." अक्का आठवडाभर ऐकून घेत होती. मग एकाला तिनं विचारलं, "वाढला म्हणजे? उन्हाळा काय गाजरगवत हाय व्हय, आपलं आपण वाढायला?"

तो बिचारा मोसंबी ठेवून निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात ती दुकानात आली आणि म्हणाली, "संगू, मला सावलीत बसव आणि माझ्यावर ऊन पाड."

मला वाटलं, डोक्यात अजून ताप हाय.

पण तिचं सगळं ठरलेलं होतं. गावात जायचं. झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून ती बसणार, डोळ्यांवर ओली पट्टी बांधून. गावकऱ्यांनी घरून आपापला आरसा आणायचा, हाताएवढाच, मोठा चालणार नाही. उन्हात उभं राहून त्याचा कवडसा तिच्यावर पाडायचा. थांबा असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. ज्याला भीती वाटेल त्यानं आपला आरसा खाली करायचा. सगळे खाली झाले की प्रयोग संपला. ती मधे एक शब्द बोलणार नाही.

"एका आरशानं काय होतंय?" मी म्हणलं.

"काहीच होत न्हाई," ती म्हणाली. "तेच तर दाखवायचंय."

*

पहिली तालीम आमच्या अंगणात झाली. आरसा धरायला माझी बायको सुवर्णा. नणंद-भावजयीचं जसं सगळीकडं असतं तसंच आमच्याकडं. सुवर्णानं पदर खोचला, आरसा उचलला आणि म्हणाली, "अक्का, लग्न झाल्यापासून या दिवसाची वाट बघून राहिले होते हो."

अक्का पट्टीखालून हसली. शेजारणी पण आपापले आरसे घेऊन आल्या. सगळ्यांची मजा चालली होती. कवडसे अक्काच्या मांडीवर, खांद्यावर, गळ्यावर नाचत होते.

थोड्या वेळानं अक्काच्या गळ्याची कातडी लाल व्हायला लागली. आधी सुवर्णानं पाहिलं. तिनं आरसा जमिनीवर पालथा ठेवला आणि घरात गेली. मी मागं गेलो तर फ्रिजसमोर उभी राहून रडून राहिली होती.

"मला वाटलं फक्त उजेड हाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात नणंद-भावजयीचं भांडण नाही. मला तेच जास्त भीतीचं वाटलं.

*

पहिला खरा प्रयोग निलंग्याकडच्या एका गावात. टीम म्हणजे आम्ही चौघं. अक्का, मी, टेम्पोवाला रफीकभाई आणि कविता. कविता अक्काची जुनी विद्यार्थिनी, आता सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं अट घातली होती, अक्कानं उजव्या मुठीत लिंबू धरायचं. शुद्ध हरपायला लागली की मूठ सुटते, लिंबू पडतं. लिंबू पडलं की कविता सगळं थांबवणार. तिच्यापुढं अक्काचं काही चालायचं नाही.

आता गावात चिंचेखाली एक बाई डोळे बांधून, हातात लिंबू घेऊन बसली, तर गाव काय समजणार? बायकांनी आरसे पदराखाली झाकले. एक म्हातारबा पुढं येऊन हात जोडून म्हणाले, "बाई, करणी असंल तर दुसऱ्या गावात करा. आमच्यात आधीच भाऊबंदकी लई हाय."

रफीकभाईला वाटलं आपण समजावून सांगावं. तो म्हणाला, "नक्को घाबरो काका, करणी-बिरणी कुच नै. बाई मरने को आयी तो लिंबू गिरता, बस."

त्यानंतर गाव जे गप्प झालं! करणी म्हणलं तेव्हा निदान लोक कुजबुजत तरी होते.

प्रयोग झाला. पण सगळं गाव अक्काकडं बघतच नव्हतं, मुठीकडं बघून राहिलं होतं. आणि मुठीकडं बघता बघता आरसे धरूनच उभं होतं. शेवटी म्हातारबानं आपला छोटा दाढीचा आरसा खिशात घातला, मग एकेकानं खाली केले. जाताना मला म्हणाले, "करणीच बरी होती."

*

उदगीरला बाजारपेठेतल्या लोकांनी बोलावलं. व्यापारी माणसं, आमच्याच भाईबंदातली, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. अक्काला नमस्कार करून आरसे घेऊन उभे राहिले. अक्का वडाखाली.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो. एक आरसा असला की कवडसा कोणाचा ते कळतं. पुष्कळ झाले की सगळे एकात एक मिसळतात. आपला कुठला हे बघायचं असेल तर आरसा जरा हलवायचा. जो कवडसा हलला तो आपला. एवढं सोपं. मी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना शिकवलं होतं.

अक्काच्या दंडावर डाग उठायला लागले. मी एका शेठजींना म्हणलं, "आप्पा, आता बघवत न्हाई."

ते म्हणाले, "हाव ना. पण माझा तर त्या खोडावर पडून राहिलाय."

शेजारचे म्हणाले, "माझा बी खोडावरच हाय."

त्याच्या शेजारचे म्हणाले, "मी तर आधीपासूनच बाजूला धरलाय."

मी सगळ्या रांगेत फिरलो. सगळ्यांचे खोडावर. झाडाचं खोड सावलीत, काळंकुट्ट, त्याच्यावर एक कवडसा नव्हता. सगळा उजेड अक्काच्या अंगावर, अन् तो कोणाचाच नाही. मी म्हणलं, "मग हलवून बघा की." तर एकानंही मनगट हलवलं नाही.

शेवटी पलीकडच्या गल्लीत नमाजेची वेळ झाली, लोकांची वाट अडायला नको म्हणून रफीकभाई टेम्पो बाजूला लावायला निघाला. टेम्पो नेमका उन्हाच्या आड आला. प्रयोग संपला. परत येताना अक्काला हात अंगाला टेकवता येत नव्हते. लातूर येईपर्यंत दोन्ही हात लांब धरून बसली.

*

हिमायतनगरकडच्या एका गावात ऐन मृगाच्या तोंडावर गेलो. लोक आरसे घेऊन तयार, अक्का खुर्चीत, आणि ढग आला. चांगला मोठा, काळा. ऊन गेलं. कवडसे विझले.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आज अक्काला काही होणार नाही. मी कविताला म्हणलं, "चल, चहा पिऊ."

तेवढ्यात मागून कोणीतरी ढगाला शिवी हासडली. मग दुसऱ्यानं. "ह्याच टायमाला यायचं होतं का याला?" "सरक की बाबा." पोरं शिट्ट्या मारून ढगाला हाकलायला लागली. संयोजक माईकवरून म्हणाले, "पाच मिनिटं धीर धरा मंडळी, ढग आल्याबद्दल दिलगीर आहोत."

पारावर एक आजी बसल्या होत्या. त्या शेजारणीचा हात धरून म्हणाल्या, "मिरगाच्या ढगाला शिव्या द्यायलेत गं."

ढग गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आरसे उचलले.

*

देगलूरचा प्रयोग सगळ्यात लवकर संपला. तिथं मराठी, तेलुगू, कानडी सगळं एका वाक्यात बोलतात. कवडसे पडायला लागले तसा गर्दीतून एक म्हातारी उठली. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. "एंडा, एंडा" म्हणत सरळ अक्काकडं चालत गेली. ऊन, ऊन. अक्काच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि "वद्दु, वद्दु," नको, नको, म्हणत दोन्ही हात पसरले. सगळा उजेड म्हातारीच्या तोंडावर.

झटक्यात आरसे खाली. सगळेच्या सगळे. एवढं पटकन कुठंच झालं नव्हतं.

मला भरून आलं. मी एका माणसाला म्हणलं, "तुमचं गाव लई चांगलं हाय हो. किती लवकर कळलं."

तो म्हणाला, "अहो, ती आमची आजी हाय ना. तिला भाजलं असतं."

"आणि आमची अक्का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. विचार करून म्हणाला, "त्यांची आमची कुठं वळख हाय?"

*

धर्माबादचा किस्सा मी हसत सांगू शकत नाही, पण सुरुवात हसण्यासारखीच हाय.

मिरचीच्या व्यापाऱ्यांनी मार्केटजवळच्या शेडमधे प्रयोग ठेवला. चारी बाजूंनी लाल मिरचीच्या राशी. उतरल्या उतरल्या रफीकभाई शिंकला, मग मी, मग कविता. तिथले लोक पण खोकत होते, पण सवयीनं. खोकत भाव करायचे, खोकत चहा प्यायचे. स्वागताचं भाषण करणारा प्रत्येक वाक्यानंतर खोकत होता आणि लोक मधल्या वेळात टाळ्या वाजवत होते.

अक्का शेडच्या सावलीत बसली. शेडच्या कडेला उन्हात लोक आरसे घेऊन उभे. कवडसे पडले. थोड्या वेळानं अक्का खोकायला लागली.

एक व्यापारी कौतुकानं म्हणाले, "बाईंना पण आमची मिरची लागली."

सगळे हसले. मी पण हसलो. अक्का परत खोकली. लोक परत हसले. तिचं खोकणं वाढत गेलं तसं हसणं पण वाढत गेलं. लिंबू मुठीत घट्ट होतं, म्हणून मी निवांत होतो.

कविता मात्र पुढं पुढं सरकत होती. तिनं अक्काच्या मानेवर हात ठेवला आणि वळून माझ्याकडं बघितलं. "दादा, घाम थांबलाय. अंग कोरडं हाय."

तो खोकला नव्हता हो. ती श्वास ओढून राहिली होती. आणि लिंबू सुटलं नव्हतं, कारण बोटं आकडून गेली होती. कवितानं एकेक बोट उलगडून ते काढलं.

टेम्पोत आम्ही तिला ओल्या पोत्यांत गुंडाळलं. रफीकभाई तोंडातल्या तोंडात कलमा म्हणत टेम्पो हाणून राहिला होता, मी "ॐ नमः शिवाय" म्हणत होतो, कविता दोघांवर ओरडत होती, "पाणी ओता, पाणी." नांदेडच्या दवाखान्यात अक्का पूर्ण दोन दिवस मला ओळखत नव्हती. मला "सर" म्हणायची आणि खडू मागायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "संगू, तू कामून रडून राहिला?"

डॉक्टर नवे होते, पण बोलणं जुनंच. आता उन्हात उभं राहणं पण बंद. सावलीतसुद्धा जपायचं. परत झालं तर संपलं. अक्कानं या वेळी मान डोलावली. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, खुर्चीत बसणार नाही म्हणून.

*

त्यानंतर मला एक सवय लागली. दुपारी दुकानात ऊन आलं की समोरच्या आरशाचा कवडसा छताला पडतो. जन्मभर पडत आला. आता मला तो बघवेना. मी सगळ्या आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवली.

एक गिऱ्हाईक आरसा घ्यायला आलं. बघतंय तर दुकानभर पेपर. म्हणालं, "यात तोंड कसं बघायचं?"

मी म्हणलं, "घरी जाऊन बघा."

सुवर्णा म्हणते, असा दुकानदार लातुरात दुसरा नाही. तिचं खरं हाय. आरसे विकून पोट भरणारा माणूस आरशाला भिऊन राहिलाय, दुसरं काय?

*

आता शेवटचा सांगतो. नांदेडच्या एका चांगल्या कॉलनीत पर्यावरणाचा कार्यक्रम होता. आमचं नाव आधीच छापलेलं. अक्का म्हणाली, शपथ मोडायची नाही, पण कार्यक्रम पण मोडायचा नाही. खुर्ची रिकामी ठेवू. लोक रिकाम्या खुर्चीवर कवडसे पाडतील, भीती वाटली की खाली करतील, मग मी सावलीतनं दोन शब्द बोलेन.

मला इतकं हलकं वाटलं की मी जाताना रफीकभाईला जिलबी खाऊ घातली.

कॉलनीतली माणसं लई प्रेमळ. सेक्रेटरींच्या मिसेस, त्यांना सगळे वहिनी म्हणायचे, त्यांनी अक्काला हाताला धरून मांडवात सगळ्यात गार जागेवर बसवलं. स्वतः कैरीचं पन्हं करून आणलं. रुमाल ओला करून अक्काच्या डोक्यावर ठेवला. "ताई, आधी तब्येत, मग समाजसेवा," असं दटावलं पण. मी मनात म्हणलं, अशी माणसं आधी भेटली असती तर.

समोर गुलमोहराखाली संयोजकांची लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली. लोक आरसे घेऊन उन्हात उभे राहिले. एक जण म्हणाला, "काका, हे छोटे आरसे काय कामाचे? खुर्चीत कोणी बसणारच नाही तर मोठे आणले तर चालतील का?"

मी विचार केला. कोणाला काय होणार हाय? म्हणलं, "आणा."

घराघरातून ड्रेसिंग टेबलचे आरसे आले. कपाटाची दारं बिजागरीवरून काढून दोघं दोघं घेऊन आले. वहिनी आणि सेक्रेटरींनी मिळून त्यांचा बेडरूममधला उभा आरसा धरला. खुर्चीवर एवढा उजेड जमला की डोळे दिपायला लागले. मोबाईल वर झाले. सगळे हसून राहिले होते, एकमेकांना "थोडं वर, थोडं डावीकडं" सांगून राहिले होते.

प्लास्टिकचा वास सुटला. खुर्चीची पाठ आधी मऊ झाली, मग हळूच पुढं झुकली, माणूस मान टाकतो तशी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. खुर्चीचा एक हात लोंबायला लागला. पोरांनी उड्या मारल्या.

कविता माझ्या कानाशी म्हणाली, "दादा, एकानंही खाली केला नाही."

मी म्हणलं, "अगं, कोण हाय तिथं? भ्यायचं कोणाला?"

एवढं बोलून बाजूला बघतो तर अक्काची जागा रिकामी. ओला रुमाल तिथंच पडलेला. ती मांडवातून निघून गुलमोहराकडं चालली होती. मला वाटलं, जवळून बघायला चालली असंल. ती थांबली नाही. सरळ उजेडात शिरली आणि खुर्चीच्या पुढं, लोकांकडं तोंड करून उभी राहिली. डोळ्यांवर पट्टी नाही. तिचं पांढरं पातळ इतकं चमकायला लागलं की मला तिचा चेहरा दिसेना.

"अक्का," मी ओरडलो आणि पळालो. मागून रफीकभाई, कविता. पळता पळता मी वळून बघितलं, आता आरसे खाली येतील म्हणून. सगळ्यात मोठा आरसा वहिनींचाच. त्यांनी आरशाच्या कडेवरून डोकं काढलं आणि पन्हं देताना जेवढ्या मायेनं बोलल्या होत्या तेवढ्याच मायेनं म्हणाल्या,

"ताई, जरा बाजूला सरता का? खुर्ची वितळायची थोडीच राहिलीय."